विज्ञान भारी की धर्म? गाडगेबाबांनी या वादाचं काय केलं

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या बीएस्सी झालेल्या मित्राला त्याचं डिग्री सर्टिफिकेट दाखवायला सांगा. कागदावर सगळ्यात वर विद्यापीठाचं नाव असेल, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. फिजिक्स, केमिस्ट्री शिकून मिळवलेल्या कागदावर नाव आहे एका कीर्तनकाराचं, जो स्वतः शाळा शिकला नव्हता.

शेगावची गंमत तर आणखी वेगळी आहे. तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ साली सुरू झालं आणि ते चालवतं गजानन महाराज संस्थान. म्हणजे कॉलेज एका संताच्या संस्थानाचं आणि डिग्री दुसऱ्या संताच्या नावाच्या विद्यापीठाची. त्या डिग्रीवर पोरं पुण्याला जातात, बंगळुरूला जातात, सॉफ्टवेअर लिहितात.

आता सोशल मीडियावरचा तो कायमचा वाद आठवा. माणसाचं जास्त भलं कुणी केलं, विज्ञानानं की धर्मानं? एक बाजू लस, वीज आणि ऑपरेशन थिएटर मोजते. दुसरी बाजू अन्नछत्रं, धर्मशाळा आणि दानधर्म मोजते. मग एक जण अणुबॉम्ब काढतो, दुसरा दंगली काढतो आणि रात्री दोननंतर फक्त शिव्या उरतात.

या वादात गाडगेबाबांना दोन्ही बाजू आपले म्हणतात. भाविकांसाठी ते संत आहेत. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी ते सगळ्यात मोठे प्रबोधनकार आहेत. दोघांचंही खरं कसं असू शकतं, हे समजून घ्यायचं तर त्यांचं आयुष्य बघावं लागतं.

दारूनं बाप नेला, कर्जानं शेत

२३ फेब्रुवारी १८७६. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचं गाव आहे. तिथल्या परीट समाजातल्या झिंगराजी आणि सखुबाई जानोरकर यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं डेबूजी.

झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं. त्या काळी देवाच्या नावानं बोकड कापायचं, जातीची पंगत उठवायची आणि त्यात दारू वाटायची, ही रीत होती. रीत पाळता पाळता घर रिकामं झालं. डेबूजी लहान असतानाच झिंगराजी गेले.

सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. डेबूजी मामाकडे वाढला. गुरं राखली, नांगर धरला, पूर्णेच्या पुरात पोहायला शिकला. अंगात कामाची इतकी रग की मामाची शेती बहरली. मग सावकार आला. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाकडून कागदावर अंगठा घ्यायचा आणि पुढे त्याच कागदाच्या जोरावर जमीन घशात घालायची, हा वऱ्हाडातला जुना धंदा. मामाचं शेत त्यात गेलं आणि मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत.

वयाची पंचविशी गाठण्याआधी डेबूजीनं दोन गोष्टी घरातच पाहिल्या होत्या. देवाच्या नावावर चालणारी रीत बाप खाऊ शकते आणि अक्षर न येणं शेत खाऊ शकतं. पुढची पन्नास वर्षं ते ज्या मुद्द्यांवर बोलले, त्यातले बहुतेक इथूनच आले आहेत.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. मुलीच्या बारशाला भाऊबंद जमले, तेव्हा त्यांना बोकड आणि दारूची अपेक्षा होती. डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. जातीच्या पंगतीत अशी रीत मोडणं म्हणजे तेव्हा वाळीत पडायची तयारी ठेवणं. लोक कुरकुरले, पण जेवले.

घर सोडलं, पण हिमालयात गेले नाहीत

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीनं घर सोडलं. घरी आई, बायको, लेकरं. ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी फार गोड करून सांगितली आहे, पण कुंताबाईंच्या बाजूनं पाहिलं तर ती गोड नाही. त्यांच्या वाट्याला पुढे झोपडीतलं, कष्टाचं आयुष्य आलं. नवऱ्याच्या नावावर लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यातली एकही खोली घरच्यांसाठी नव्हती.

घर सोडणारे साधू सहसा जंगलात किंवा तीर्थाला जातात. हा माणूस गावोगावी गेला. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी किंवा खराटा आणि सोबत मातीचं फुटकं गाडगं. त्याच गाडग्यात भाकर घ्यायची आणि तेच उन्हात डोक्यावर ठेवायचं. त्यावरूनच लोकांनी नाव पाडलं गाडगेबाबा. कुणी गोधडेबुवाही म्हणायचे.

गावात शिरलं की आधी झाडलोट. उकिरडे, गटारं, देवळाचं आवार, सगळं. लोक वेडा समजायचे. काम झालं की भाकर मागायची. काम न करता भाकर घ्यायची नाही, हा नियम शेवटपर्यंत टिकला. मग रात्री कीर्तन.

ऋणमोचनचा चिखल

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. हीच पूर्णा पुढे अकोला ओलांडून आपल्या बुलढाणा जिल्ह्यात येते आणि पुढे तापीला मिळते. ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. नावाचा अर्थच कर्जातून सुटका.

सावकारानं ज्याच्या मामाचं शेत खाल्लं, त्या माणसानं या यात्रेत काय केलं असेल? नदीत डुबकी मारून कर्ज फिटत नाही, हे तो कीर्तनात सांगत होताच. पण यात्रेकरू चिखलात घसरून पडायचे, म्हातारी माणसं जायबंदी व्हायची, हेही त्याला दिसत होतं. म्हणून त्यानं लोकांकडून वर्गणी आणि श्रम गोळा केले आणि तिथे घाट बांधून घेतला.

ही पद्धत नीट बघा. श्रद्धा चुकीची आहे म्हणून माणूस पडू दे, असं त्यांनी केलं नाही. आणि घाट बांधला म्हणून डुबकीनं कर्ज फिटतं, असंही कधी म्हटलं नाही. माणसाचा पाय आधी वाचवायचा, डोकं त्याच्याबरोबर बदलत राहायचं.

कॉलऱ्याचा जंतू आणि खराटा

आता थोडं वऱ्हाडाबाहेर जाऊ. डेबूजी आठ वर्षांचा असताना, १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख कलकत्त्यात होते. कॉलरा कशामुळे होतो हे शोधायला ते आधी इजिप्तला आणि तिथून भारतात आले होते. त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूची ओळख पटवली. दूषित पाणी हे या रोगाचं वाहन आहे, हे आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं. १८९३ पासून वाल्देमार हाफकिन यांनी भारतात कॉलऱ्याच्या लशीचे प्रयोग केले.

शोध लागला. पण शोध लागणं आणि तो जत्रेतल्या माणसाला समजणं, यात केवढं अंतर होतं! त्या काळात मोठ्या यात्रा म्हणजे कॉलऱ्याचं घर. लाखो माणसं एका नदीकाठी जमायची, तिथेच विधी, तिथेच आंघोळ आणि तेच पाणी प्यायला. माणसं पटापट मरायची आणि गावात त्याला देवीचा कोप म्हणायचे. मग कोप शांत करायला पुन्हा बोकड.

सरकारचा आरोग्य अधिकारी आला की लोक घाबरून पळायचे. त्याची भाषा वेगळी, कपडे वेगळे आणि मागे पोलीस. गाडगेबाबा मात्र त्याच यात्रेत खराटा घेऊन उतरायचे. घाण उचलायचे, नदीकाठ साफ करायचे आणि रात्री त्याच माणसांसमोर उभे राहायचे. त्यांनी जंतुशास्त्राचं पुस्तक वाचलं नव्हतं. पण घाण आणि रोगाचं नातं त्यांना दिसत होतं आणि देवीचा कोप वगैरे काही नसतो, हे सांगायला त्यांना कुणाची भीती नव्हती.

इथे विज्ञान आणि धर्म यांची कामं वेगळी दिसतात. जंतू कीर्तनात सापडला नसता, तो सूक्ष्मदर्शकाखालीच सापडणार होता. पण सूक्ष्मदर्शक दापुऱ्याच्या पारावर येऊन बसणार नव्हता. तिथे कीर्तनच पोहोचत होतं.

कीर्तन की प्रश्नपत्रिका?

गाडगेबाबांचं कीर्तन नेहमीच्या कीर्तनासारखं नसायचं. ते प्रश्न विचारायचे, लोक एका आवाजात उत्तर द्यायचे. उत्तर आलं की पुढचा प्रश्न. दगडाच्या देवावर कुत्रं पाय वर करून गेलं, तर त्याला कोण हाकलतं, देव की माणूस? देवळातला दिवा कोण लावतं? नवसानं पोरं होत असतील तर नवरा कशाला लागतो? अशा अर्थाचे प्रश्न अस्सल वऱ्हाडी बोलीत यायचे. लोक हसायचे, आणि हसता हसता आपण काय कबूल केलंय हे त्यांच्या लक्षात यायचं.

वर्गात शिक्षक हेच करतात ना? दावा मांडायचा, तो तपासायचा, टिकला नाही तर सोडून द्यायचा. फरक एवढाच की इथे वर्ग हजारोंचा होता आणि बहुतेकांना अक्षरओळख नव्हती.

तपासणीनंतर जे उरायचं तेही साधंच असायचं. कर्ज काढून लग्न करू नका. दारू सोडा. जनावराचा बळी देऊ नका. शिवाशीव पाळू नका. पोरांना शाळेत घाला, त्यासाठी जेवायची भांडी मोडावी लागली तरी चालेल. आजारी पडलात तर अंगारा-धुपारा नको, औषध घ्या.

आणि एवढं सगळं बोलून ते देवाचं नाव घ्यायचे, भजन म्हणायचे. त्यांनी देव नाकारला नाही, भुकेल्या-आजारी माणसात पाहायला सांगितलं. कुणाला शिष्य केलं नाही, मंत्र दिला नाही, पाया पडू दिलं नाही. कीर्तन संपताना गर्दी पाया पडायला येईल म्हणून ते आधीच निसटायचे.

धर्मानं लावलेलं दार

धर्माच्या बाजूनं बोलणारे धर्मशाळांचा दाखला देतात. गाडगेबाबांनी नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, हे खरं आहे. पण पंढरपूरच्या एका धर्मशाळेकडे नीट पाहायला हवं. तिला नाव आहे संत चोखामेळ्याचं आणि ती बांधली होती अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी.

वेगळी का बांधावी लागली? कारण पायी वारी करून पंढरपुरात आलेल्या त्या माणसांना ना देवळात जागा होती, ना इतरांच्या धर्मशाळेत. विठ्ठलाचं देऊळ त्यांच्यासाठी उघडायला १९४७ साल उजाडलं आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. म्हणजे ज्या धर्मानं ही धर्मशाळा बांधण्याची प्रेरणा दिली, त्याच धर्माच्या नावानं तिची गरजही निर्माण केली होती. जमेच्या बाजूला धर्मशाळा लिहिताना खर्चाच्या बाजूला हे लिहिलं नाही, तर हिशोब खोटा होतो.

ही धर्मशाळा गाडगेबाबांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून.

गोविंदा

१९२३ साली गाडगेबाबांचा मुलगा गोविंदा कुत्रं चावल्यानं गेला. बाबा तेव्हा दौऱ्यावर होते. बातमी कीर्तन चालू असताना आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. ती बहुतेक वेळा वैराग्याचा नमुना म्हणून सांगतात.

आजच्या वाचकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसेल. लुई पाश्चर यांनी रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा दिली १८८५ मध्ये. गोविंदा गेला तेव्हा त्याला ३८ वर्षं झाली होती. भारतात कसौलीला १९०० साली आणि कुन्नूरला १९०७ साली पाश्चर संस्था सुरू झाल्या होत्या. रेबीजचं गणित कठोर असतं. लस वेळेत मिळाली तर माणूस वाचतो, लक्षणं दिसायला लागली की जवळपास काहीच हातात राहत नाही. त्या काळात खेड्यातल्या माणसाला कुत्रं चावलं, तर असा इलाज मिळणाऱ्या जागा अख्ख्या देशात मोजक्या होत्या.

विज्ञानानं किती भलं केलं हे विचारताना आपण शोधाची तारीख मोजतो. गरिबाच्या घरी मात्र तो शोध दारात कधी आला, ती तारीख मोजली जाते.

हॉस्पिटलच्या बाहेर कोण झोपतं?

गाडगेबाबांच्या कामातला सगळ्यात आधुनिक भाग कोणता, असं विचारलं तर उत्तर आहे मुंबई. खेड्यातून माणसं मोठ्या इलाजासाठी मुंबईला येत होती. डॉक्टर चांगले होते, खाट मिळायची. पण पेशंटसोबत आलेली बायको, भाऊ, म्हातारी आई? ती फुटपाथवर. जवळचे पैसे संपले की इलाज अर्धा सोडून परत गावाला.

हे वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नसलेलं दुखणं होतं. बाबांनी त्यावर जे. जे. रुग्णालयाच्या आवारात धर्मशाळा उभी केली. धर्मशाळा ही तीर्थाला लागते, हा आपला जुना समज. त्यांनी तीच संस्था उचलून हॉस्पिटलच्या दाराशी नेऊन ठेवली. जणू यापुढे तीर्थ हेच.

यासाठी पैसा कुठून आला? कीर्तनातून. व्यापारी, गिरणी कामगार, शेतकरी यांनी दिला. हेच पैसे एखाद्या डॉक्टरनं मागितले असते तर मिळाले असते का? कठीण आहे. लोकांनी ते एका बाबाला दिले, पुण्य लागेल म्हणून दिले. आणि बाबानं ते देवळावर न घालता पेशंटच्या नातेवाइकांवर घातले. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झालं आणि हा सगळा पसारा विश्वस्तांच्या हातात गेला. त्याच साली प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचं चरित्र प्रसिद्ध केलं.

दोन मित्र, दोन उत्तरं

भाऊराव पाटील आणि गाडगेबाबा यांचं गूळपीठ होतं. रयत शिक्षण संस्थेनं १९५४ साली कराडला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराज यांचं. शाळा न पाहिलेल्या माणसाच्या नावानं कॉलेज, त्यांच्या डोळ्यांदेखत.

दुसरे स्नेही बाबासाहेब. त्यांच्याकडे परदेशी विद्यापीठांच्या डॉक्टरेट होत्या आणि गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. तरी शिक्षणाबद्दल दोघांचं एकमत होतं. धर्माबद्दल मात्र दोघांनी वेगळी वाट धरली. बाबासाहेबांनाही धर्म हवा होता, पण बुद्धीला आणि विज्ञानाला पटणारा. जुना धर्म झाडून साफ होईल यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. गाडगेबाबा त्याच जुन्या घरात राहिले आणि झाडत राहिले.

कोण बरोबर होतं? ज्याला देवळाच्या दारातून हाकललं गेलं, त्यानं घर बदलणं समजण्यासारखं आहे. गाडगेबाबांचा मार्ग ज्यांना पुरला नाही, त्यांचा अनुभव या हिशोबात धरावाच लागेल. पण दोघांची कसोटी एकच होती. धर्मानं तपासणीला तोंड द्यायचं आणि माणसाच्या उपयोगी पडायचं. नाही जमलं तर त्याला सूट नाही.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्याच्या १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. त्याआधी ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं कीर्तन झालं होतं. ते टेप झालं म्हणून आज यूट्यूबवर तो आवाज ऐकता येतो.

मग हिशोब काय लागतो?

१९७७ मध्ये ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट आला. त्यात गाडगेबाबा साकारले डॉ. श्रीराम लागू यांनी. लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि उघड नास्तिक. देवाला निवृत्त करा म्हणणाऱ्या माणसानं आयुष्यभर भजन गाणाऱ्या माणसाची भूमिका केली आणि कुणालाच ते विसंगत वाटलं नाही. कारण दोघांना जोडणारी गोष्ट होती प्रश्न विचारण्याची हिंमत.

गाडगेबाबांच्या आयुष्यावरून या वादाचं एक उत्तर निघतं. काय खरं आणि काय खोटं, हे ठरवायचं काम त्यांनी कधीच श्रद्धेकडे दिलं नाही. तिथे त्यांचा कल सरळ विज्ञानाकडे होता, शब्द माहीत नसला तरी. रोगाला औषध, कर्जाला हिशोब, अज्ञानाला शाळा. पण ते खरं माणसापर्यंत न्यायला लागणारी गर्दी, विश्वास, वर्गणी आणि रात्रभर जागायची तयारी त्यांना धर्मानं दिली. यातलं पहिलं काढलं तर झिंगराजींना संपवणारी पंगत उरते. दुसरं काढलं तर हॉस्पिटल उरतं आणि बाहेर फुटपाथवर बसलेली म्हातारी उरते.

म्हणून कुणी जास्त भलं केलं यापेक्षा, ते भलं कुणाला मिळालं आणि कुणाला मिळालं नाही, हे त्यांनी विचारलं असतं. आज त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आहे, पोस्टाचं तिकीट आहे. जयंतीला नवा कोरा झाडू घेऊन फोटो काढायचीही रीत पडली आहे. रीत मोडणाऱ्या माणसाची रीत करून टाकणं आपल्याला छान जमतं.

पण काही ठिकाणी काम चालू आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव या आपल्या जिल्ह्यातल्या स्टेशनांवरून मुंबईची गाडी मिळते. कॅन्सरच्या पेशंटला परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचं तर हाच रस्ता. तिथे गेल्यावर राहायचं कुठे, हा पहिला प्रश्न असतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटामध्ये उपचार घेणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. केमोथेरपी टाटामध्ये मिळते, आणि पुढच्या केमोपर्यंत थांबायला जागा दादरला.